श्री लिहिलेले तीन पेपर

माझ्या नवऱ्याला मी डॉक्टर म्हणते. लग्न ठरल्या दिवसापासून म्हणते आणि गावाला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणते. गाव त्यांना दातवाला म्हणायचं. मुंबईला चार वर्षं राहून दंतवैद्यकीची पदविका घेऊन आलेला माणूस, आणि चिंचवडच्या गावठाणात त्याची ओळख काय, तर आबाजी गावड्यांचा दातवाला ज्योतीराम! भाजीवाला, कल्हईवाला, तसा दातवाला. मला याचा असा संताप यायचा की दोन-चार बायकांशी मी त्यावरून कायमचं बोलणं सोडलं.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना होता. एक खोली, मध्ये लाकडी पडदा. खडकीच्या छावणीतून साहेब लोक गेले तेव्हा त्यांच्या न्हाव्याची खुर्ची विकायला निघाली होती, ती डॉक्टरांनी आणली आणि सुताराकडून तिला मान टेकायची जागा करून घेतली. दात कोरायचं यंत्र शिलाईच्या मशीनसारखं पायानं चालवायचं. डॉक्टर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायानं ते चालवत आणि हात मात्र दगडासारखा स्थिर. त्यांचा हात मी पाहिला आहे. माझीच अक्कलदाढ त्यांनी काढली, तेव्हा निघाली हे त्यांनाच मला सांगावं लागलं.

पण हात बघायला माणसं यायला हवीत ना. आमच्या लोकांच्या लेखी दात हे डॉक्टरकडे न्यायचं दुखणंच नव्हतं. दुखला तर लवंग धरायची, फारच दुखला तर दापोडीच्या बाजारात चिमाजीकडे जायचं. चिमाजी जमिनीवर बसायचा, गिऱ्हाइकाचं डोकं दोन्ही गुडघ्यांत दाबायचा आणि एका झटक्यात दात काढून पुढ्यातल्या फडक्यावर टाकायचा. त्या फडक्यावरचा ढीग हीच त्याची पदवी. निम्मं मूळ आत राहिलं, गाल सुजून डोळा झाकला, की मग मंडळी आमच्याकडे येणार. डॉक्टर तासभर खपून मूळ काढणार. आणि जाताना मंडळी ऐकवणार काय, तर "चिमाजीला इतका येळ न्हाई लागत."

तीन वर्षं हे चाललं. डॉक्टर कुणाला उलटून बोलले नाहीत. उलटून बोलायचं खातं घरात माझ्याकडे होतं. पण ते दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. सकाळी दवाखाना उघडायचा, हत्यारं उकळून मांडायची, संध्याकाळी तीच हत्यारं न वापरता पुसून ठेवायची. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला, तिथं गावातली मॅट्रिक नापास मुलं लागली आणि तीसुद्धा यांना हटकून विचारायची, "काय डॉक्टर, आज किती दात?" डॉक्टर हसायचे. ते हसणं मला बघवत नसे.

अशात त्यांच्या बरोबर शिकलेल्या एका गुजराती मित्राचं आफ्रिकेतल्या मोंबासाहून पत्र आलं. तिथं त्यानं मोठा दवाखाना काढला होता. दुसरी खुर्ची रिकामी होती. तिथं दात दुखला की लोक दातांच्या डॉक्टरकडे जातात, त्यानं लिहिलं होतं, आधी वेळ घेऊन जातात. हे वाक्य डॉक्टरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. फक्त एक अडचण होती. तिकडच्या मुलखात दात बघायचे तर तिकडच्या मंडळाचा परवाना लागे आणि बाहेरच्या माणसाला परवाना हवा तर लेखी परीक्षा. तीन पेपर, सगळे इंग्रजीत, केंद्र मुंबईला. आणि संधी तीनच. तिसऱ्यांदा नापास झाला की नाव कायमचं काढून टाकत. मंडळाचं नाव मी लिहीत नाही, त्यांनी नियमाबाहेर काही केलं नाही.

पहिल्या वेळी डॉक्टर सपाटून आपटले. दुसऱ्या वेळी एका पेपरात अवघे चार गुण कमी पडले. अवघे चार! त्या चार गुणांनी मला वेड लावलं. माणूस पायरीशी आलाय, आता उंबरा ओलांडायचा तेवढा बाकी आहे, असं मी धरून चालले. मित्रानं कळवलं की खुर्ची सत्तावन्न साल संपेपर्यंत, फार तर त्यापुढे मार्चअखेर ठेवीन, पुढे नाही. म्हणजे तिसरी परीक्षा हीच शेवटची, सगळ्याच बाजूंनी.

मी शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायची. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी मला येत होतं. रोज संध्याकाळी मी पुस्तक धरून बसायची आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायची. जबड्यातल्या शिरांची नावं मला त्या वर्षी पाठ झाली, आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. डॉक्टर तोंडी उत्तर छान द्यायचे, मराठीत, हातानं हवेत दात काढून दाखवत. लिहायला बसले की मात्र पेन अडायचं. एक वाक्य लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. मी म्हणायची, सवयीनं होईल. पोरांना बाराखडी शिकवून माझा असा समज झाला होता की सवयीनं सगळं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यांची पिशवी भरत होते. सहज विचारलं, "मागच्या दोन वेळी पेपरवर आधी श्री लिहिलं होतंत ना?"

"नाही बुवा," ते म्हणाले. "इंग्रजी पेपर. तिथं कुठं श्री?"

माझ्या हातातला सदरा खाली पडला. आमच्या शाळेत श्री न काढता पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं तर मी पाटी पुसायला लावायची. वाण्याची वही असो, लग्नाची पत्रिका असो, माहेरी लिहायचं कार्ड असो, वरती मधोमध श्री आल्याशिवाय आपल्यात कुणी शाई टेकवतो का? आणि या माणसानं आयुष्याचा पेपर दोनदा बोडका लिहिला होता!

"तरीच," मी म्हटलं. "तरीच चार गुण!"

"अगं, देवाला इंग्रजी येत असतं तर त्यानं मला आधीच शिकवलं नसतं का?"

"थट्टा नको. या वेळी तिन्ही पेपरांवर श्री लिहायचं. माझी शपथ आहे."

ते हसत होते. शपथ म्हटल्यावर हसायचे थांबले. "बरं," म्हणाले. माझ्या सासूबाई छबूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, चुलीपुढून ओरडल्या, "लिही रं बाबा, द्येवाला काय शाई लागती का तुजी?" झालं, दोन बायकांपुढे त्यांचं काय चालणार.

तीन दिवसांनी संध्याकाळच्या गाडीनं ते परत आले. मी स्टेशनवर गेले होते. "कसे गेले?" मी विचारलं.

"लिहिले."

"श्री?"

"तिन्हींवर."

मी तिथल्या तिथे हात जोडले. ते पुढे चालायला लागले. घरी आले, दोन घास खाल्ले आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी आत्याबाईंना सांगितलं, डोकं शिणलंय, तीन पेपर म्हणजे खायचं काम नाही. मला तसंच वाटत होतं. आपल्याला हवं ते वाटून घ्यायला माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

डिसेंबरच्या मध्याला पाकीट आलं. मंडळानं कळवलं होतं की उमेदवाराच्या तिन्ही उत्तरपत्रिकांच्या शिरोभागी देशी लिपीत काही मजकूर आढळला आहे. उत्तरपत्रिकेवर नंबराखेरीज ओळखीची कोणतीही खूण करू नये असा नियम आहे. सबब तिन्ही उत्तरपत्रिका न तपासता रद्द केल्या आहेत. ही संधी वापरली गेली असं धरलं जाईल.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा मला इंग्रजी येत नाही असंच वाटलं. मग मी दवाखान्याच्या उंबऱ्यातच बसले. मी केलं होतं हे. माझ्या शपथेनं. या माणसाची उरलीसुरली एक संधी मी माझ्या हातानं पुसून टाकली होती, दुसरीतल्या पोराची पाटी पुसावी तशी.

"मी तुमचं वाटोळं केलं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पत्राची घडी घातली. त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. दुःख होतं, पण मी जितकं समजले होते तितकं नव्हतं. "तू काही केलं नाहीस," ते म्हणाले. "जाऊ दे. झालं ते झालं."

मोठ्या मनाचा माणूस, मी मनात म्हटलं, आणि जास्तच रडले.

आता गंमत ऐका. म्हणजे तेव्हा ती गंमत नव्हती. आत्याबाई दुसऱ्या दिवशी पवनेवर धुणं धुवायला गेल्या आणि त्यांनी घाटावर जाहीर केलं, "द्येवाचं नाव लिवलं म्हून गोऱ्यांनी माज्या लेकाचा पेपर फाडला. समदं बरुबर लिवलं हुतं, पर श्री बगितलं अन् डोळं फिरलं त्येंचं." धुणं वाळायच्या आत ही बातमी गावभर झाली. आठवड्यात ती दापोडीला पोचली, तोवर गोऱ्यानं पेपर पायाखाली तुडवला होता. महिन्यानं तळवड्याहून एक म्हातारा आला, त्यानं ऐकलं होतं की साहेब डॉक्टरांना म्हणाला, श्री खोड, पास करतो, आणि डॉक्टर म्हणाले, मान कापा पण खोडणार नाही.

ज्या गावानं तीन वर्षं या माणसाला दातवाला म्हटलं, ते गाव आता दवाखान्यापुढे चपला काढून आत येऊ लागलं. खोटं सांगत नाही. आधी नुसते बघायला आले, मग आलोच आहे तर दाढ दाखवतो म्हणाले. कारखान्यातले कामगार शिफ्ट सुटल्यावर यायचे, दापोडीच्या वर्कशॉपमधले लोहार-सुतार यायचे. सोनबा म्हणून एक हेकट म्हातारा होता, ज्याचे खालचे सगळे दात चिमाजीच्या फडक्यावर जमा झाले होते. तोसुद्धा आला आणि म्हणाला, "डाक्टर, वरल्या दाढा जेवढ्या ऱ्हायल्यात त्या आता तुमी बगा. चिमाजीचं आन् माजं मिटलं."

डॉक्टर! सोनबा डॉक्टर म्हणाला!

आणि डॉक्टर बदलले. पांढरा कोट ते रोज घालायला लागले. सकाळी दाढी करताना गुणगुणायचे. रात्री जेवताना मला सांगायचे, आज अमक्याच्या दाढेत चांदी भरली, काढावी लागली नाही, गावात पहिल्यांदाच कुणी दाढ वाचवून घेतली. मुंबईला जे शिकले ते त्यांना अखेर करायला मिळत होतं. त्या माणसाला आफ्रिका चिंचवडलाच सापडली होती. डोळे असते तर मला दिसलं असतं.

मला दिसत होता तो फक्त माझा अपराध. लोक त्यांचं कौतुक करायचे आणि मला ते टोचायचं. श्री लिहायला लावणारी मी होते. त्यांचा परवाना, त्यांची मोंबासाची खुर्ची, सगळं माझ्यापायी गेलं होतं, आणि लोक मला म्हणत होते, "बाई, तुमी भाग्यवान, असा नवरा मिळाला." मी रोज कुठल्या तरी निमित्तानं रडायची. कांदा चिरताना, पोरांच्या पाट्या तपासताना. डॉक्टर बघायचे आणि बाहेर जायचे.

शेवटी मी लक्ष्मणराव पाठक यांना गाठलं. ते खडकीच्या छावणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या इंग्रजी अर्जाला साहेबसुद्धा वचकत, असं ते स्वतः सांगत. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "नव्वद दिवसांच्या आत अपील करता येतं. सुमनताई, श्री ही ओळखीची खूण नाही, तो आपल्या लोकांचा लिहिण्याचा रिवाज आहे, एवढं सिद्ध केलं की झालं. इकडचे शंभर उमेदवार बसले तर पन्नास जण लिहितील. मग त्यानं एकाची ओळख कशी पटणार?"

मला ब्रह्मानंद झाला. मी धावत दवाखान्यात आले. डॉक्टर कुणाची तरी दाढ कोरत होते. यंत्राचा आवाज थांबेपर्यंतही मला धीर नव्हता.

"राहू दे," ते म्हणाले.

"राहू दे काय? नव्वद दिवस आहेत!"

"सुमन, राहू दे. इथं बरं चाललंय."

हा एक नकार. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माझी जायची इच्छा उरली नाही." मी म्हटलं, "मग जाऊ नका. पण कागदावर तरी तुमच्यावरचा डाग निघू दे." तिसऱ्यांदा विचारलं तर आत्याबाईंच्या खोलीत जाऊन बसले. लाजाळू माणूस, मी म्हटलं. भांडायची सवय नाही. यांच्या वतीनं आपणच भांडायला हवं.

मी कागद जमवायला लागले. आमच्या हेडमास्तरांचा दाखला घेतला की शाळेत प्रत्येक मूल श्री लिहूनच सुरुवात करतं. दोन वाण्यांच्या वह्यांची पहिली पानं आणली. एका वकिलाचं प्रतिज्ञापत्र झालं. गावातल्या बेचाळीस जणांच्या सह्या आणि अकरा अंगठे. लक्ष्मणरावांनी चार पानी अर्ज लिहिला, त्यात तीन ठिकाणी संस्कृत वचन घातलं. सगळं तयार झालं. उरली फक्त उमेदवाराची सही.

त्या संध्याकाळी मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला आणि सरळ सांगितलं, "तुम्ही सही केली नाहीत तर मी तुमची अपराधी म्हणूनच मरेन."

त्यांनी चारही पानं उलटून पाहिली. "तुला खरंच हवंय हे?"

"हो."

त्यांनी हात पुसले, पेन घेतलं आणि चारही पानांवर सही केली. मी अर्ज उचलला आणि शाई वाळायची वाट न पाहता लक्ष्मणरावांकडे निघाले.

फेब्रुवारीत उत्तर आलं. सदर मजकूर हा त्या प्रांतातील लेखनाचा रूढ आरंभ आहे याबद्दल मंडळाची खात्री पटली आहे. नियमभंग झाला नाही. तिन्ही उत्तरपत्रिका तपासण्यात येऊन निकाल कळवला जाईल. मी त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या पोरांना साखर वाटली. निर्दोष ठरले मी! छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं. लक्ष्मणराव मंडईत उभे राहून अर्जातली वाक्यं म्हणून दाखवत होते. गाव तर फुलूनच गेलं. गोऱ्यांना नमवलं! आता निकाल काय, नुसता कागद यायचा. सोनबा म्हणाला, "डाक्टर आफ्रिकेला गेलं तर माज्या दाढंचं काय?" मी म्हटलं, आधी तुमची दाढ, मग आफ्रिका.

डॉक्टर त्या दिवशी उशिरापर्यंत हत्यारं साफ करत बसले होते. सगळी चकचकीत झाल्यावर त्यांनी ती पुन्हा पाण्यात घातली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, शनिवारी, पाकीट आलं. माझी सकाळची शाळा सुटली होती, मी डबा घेऊन दवाखान्यात आले होते. बाकड्यावर सात-आठ माणसं होती. खुर्चीत सोनबा आ वासून बसला होता. लक्ष्मणराव असेच गप्पा मारायला आले होते. पोस्टमनला तिकिटावरूनच कळलं होतं, तो पाकीट देऊन तिथंच उभा राहिला.

डॉक्टरांनी पाकीट घेतलं आणि कोटाच्या खिशात घालायला लागले.

"अहो, उघडा ना," मी म्हटलं.

"घरी बघू."

"घरी काय बघू? सगळे वाट बघतायत. वाचा मोठ्यानं!"

बाकड्यावरची माणसं म्हणाली, "वाचा डाक्टर, वाचा." सोनबानं तोंड तसंच उघडं ठेवून मान हलवली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसत होते. जन्मात मी कधी स्वतःला इतकं माफ केलं नव्हतं. त्यांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली. इंग्रजीत नाही. एकेक ओळ मराठी करून, सगळ्यांना कळेल अशी, सावकाश.

"पहिला पेपर, शंभरपैकी एकतीस. दुसरा पेपर, चोवीस. तिसरा पेपर, अठ्ठावीस. उत्तीर्ण व्हायला प्रत्येकी पन्नास लागतात. परीक्षकांचा शेरा असा की उमेदवारानं बरेच प्रश्न अर्धवट सोडले आहेत आणि विषयाची माहिती अपुरी आहे. तिन्ही संधी संपल्यामुळे उमेदवाराचं नाव यादीतून काढण्यात येत आहे."

 मग बाकड्यावरून कारखान्यातल्या एका पोरानं विचारलं, "म्हंजी पास का?"

"नापास," डॉक्टर म्हणाले. "सपशेल."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली, हात धुतले आणि आरसा घेऊन खुर्चीशी आले. "हं, सोनबा. तोंड उघडा."

सोनबानं तोंड मिटलं होतं. त्यानं गळ्यातलं फडकं सोडलं, ते नीट हातावर ठेवलं आणि खुर्चीतून उतरला. "आज ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आज तेवडं दुखत न्हाई. उद्या येतो." आणि गालावर उपरण्याचं टोक दाबून तो गेला. त्याच्या मागून बाकड्यावरचे एकेक जण उठले. कुणी वाईट बोललं नाही. एकानं तर जाताना नमस्कारही केला. लक्ष्मणराव तेवढे थांबले आणि म्हणाले की गुणांची फेरमोजणी मागता येईल, नियम बघतो. डॉक्टर म्हणाले, "नको, लक्ष्मणराव. आता नको." मग तेही गेले.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी डब्याचं झाकण हातात धरून उभी होते, कधी काढलं होतं कोण जाणे. मला डिसेंबरातला त्यांचा चेहरा आठवला, दोन दिवस बंद ठेवलेला दवाखाना आठवला, आणि तो "राहू दे" आता कुठे मला नीट ऐकू आला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पेपर मीच लिहिला होता, सुमन. या वेळी पेन पहिल्याच प्रश्नाला अडलं."

"मग मला सांगितलं का नाहीत? एका शब्दानं सांगितलं असतंत..."

"काय सांगणार होतो? गावात पहिल्यांदा कुणीतरी डॉक्टर म्हणत होतं." ते खुर्चीची मान टेकायची गादी पुसत होते. ती पुसलेलीच होती. "वाटलं, रद्द झाला ते बरंच झालं. रद्द झालेल्या पेपरात किती मिळाले असते, हे कुणी विचारत नाही."

"मग सही का केलीत हो?" माझा आवाज चढला, मला आवरेना. "फाडून टाकायचा होता तो अर्ज! माझ्या तोंडावर मारायचा होता!"

त्यांनी फडक्याची घडी केली, खिळ्याला अडकवलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू रोज रडत होतीस."

सोनबाची त्यांनी सोमवारपर्यंत वाट पाहिली. सोमवारी दापोडीहून आलेल्या कुणीतरी सांगितलं की तो चिमाजीपुढे बसला होता.